थंडीची शिकवणी

टॉम स्किलिंग २८ फेब्रुवारी २०२४ रोजी निवृत्त झाले. शिकागोच्या डब्ल्यूजीएन वाहिनीवर ते १९७८ पासून हवामान सांगत होते. आमच्या पिढीचा इथला जवळजवळ सगळा संसार त्यांच्या आवाजाच्या साथीने झाला. उद्या किती इंच बर्फ पडेल, वारा सरोवरावरून येईल की थेट कॅनडातून उतरेल, हे ते नुसतं सांगत नसत, समजावून देत. नकाशावर हात फिरवताना इतके रंगून जात, की ज्यांना हवामानशास्त्रातलं अक्षर कळत नव्हतं अशी माणसंही शेवटपर्यंत ऐकत बसत. त्यांच्या निवृत्तीच्या आदल्या दिवशी शिकागोत पारा ७४ अंश फॅरनहाइटवर गेला, म्हणजे २३ सेल्सियसवर. ऐन फेब्रुवारीत लोक अर्ध्या बाह्यांच्या कपड्यांत मिशिगन सरोवराच्या काठी फिरत होते. रात्री वादळ झालं, आणि सकाळी पुन्हा गोठवणारी थंडी आणि बर्फाची भुरभुर. त्या हिवाळ्यात पंचमहासरोवरांवर बर्फ जवळपास धरलाच नव्हता.

आम्ही इथे आलो तेव्हा फेब्रुवारीत असा दिवस उगवेल असं कुणी सांगितलं असतं, तर त्याला वेड्यात काढलं असतं.

१९६५ च्या नव्या कायद्याने अमेरिकेची दारं आपल्याकडच्या डॉक्टर-इंजिनियरांना उघडली, त्या लाटेतले आम्ही. १९७६ च्या सप्टेंबरात रत्नागिरीहून मुंबईमार्गे शिकागोत उतरलो. घर मिळालं ते रॉजर्स पार्क भागात, विटांच्या तीन मजली इमारतीत, सगळ्यांत वरचं. खिडकीखाली लोखंडी रेडिएटर. त्यात वाफ चढायला लागली की पहाटे नळीत ठणठण आवाज व्हायचा आणि जाग यायची. घरमालकाने १५ सप्टेंबर ते १ जून घर ऊबदार ठेवलंच पाहिजे, दिवसा ६८ आणि रात्री ६६ अंश फॅरनहाइट, असा आज या शहराचा नियम आहे. वर्षातले साडेआठ महिने! इथला हिवाळा किती लांब, हे सांगायला हा नियम पुरेसा आहे.

आणि आम्हाला पहिलाच हिवाळा मिळाला तो १९७७ चा. २८ डिसेंबरपासून ८ फेब्रुवारीपर्यंत सलग ४३ दिवस पारा गोठणबिंदूच्या वर आला नाही. शिकागोच्या नोंदींमधला तो सर्वांत थंड जानेवारी. जिच्या लेखी थंडी म्हणजे पहाटे अंगावर घ्यायची गोधडी, त्या मुलीने या शहरात चालायचं कसं, नेसायचं काय, श्वास घ्यायचा कसा, हे सगळं नव्याने शिकायचं होतं.

शिकवणारी माणसं मात्र भेटली. आमच्या आधी काही वर्षं आलेल्या एक वहिनी होत्या, गिरगावातल्या. त्यांनी पहिल्याच रविवारी मला मॅक्सवेल स्ट्रीटच्या बाजारात नेलं. रस्त्यावर भरणारा तो जुना बाजार. तिथे घासाघीस करून लोकरीचा जाड कोट आणि गुडघ्यापर्यंतचे बूट घेतले. बूट पायापेक्षा एक माप मोठा घ्यायचा, हे वहिनींनी दुकानदारासमोरच बजावलं. घट्ट बुटात रक्त खेळत नाही आणि बोटं आधी गारठतात. आत सुती पातळ मोजा, त्यावर लोकरीचा. हातमोजे पाच बोटांचे नकोत, चारही बोटं एकत्र राहतील असे हवेत, म्हणजे बोटं एकमेकांना ऊब देतात. गळपट्टा नाकावरून घ्यायचा. ओल्या केसांनी दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. परकराच्या आत लोकरीची विजार घालायची, आणि साडी घोट्याच्या वर नेसायची. हे शेवटचं मी मनावर घेतलं नव्हतं. पण काठ बर्फात भिजला की मिनिटांत ताठ होतो आणि चालताना घोट्याला खरचटतं, हे एका फेरीतच कळलं.

दुसऱ्या शिक्षिका आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या पोलिश आजी. त्यांचं इंग्रजी तोडकं, माझं लाजरं. तरी त्या हात धरून दाखवायच्या. बर्फ दगडासारखा घट्ट झालेला असेल तर टाच टेकून चालायचं नाही. पाऊल सपाट ठेवायचं, पावलं छोटी, आणि हात खिशाबाहेर, म्हणजे घसरलं तर सावरता येतं. पारा फारच उतरला तर रात्री नळ बारीक धारेने चालू ठेवायचा आणि मोरीखालच्या कपाटाची दारं उघडी टाकायची, म्हणजे खोलीतली ऊब नळीपर्यंत पोचते. खिडकीच्या फटींवर प्लास्टिकचा पातळ कागद चिकटवून त्यावर केस वाळवायच्या यंत्राचा गरम झोत फिरवायचा, की तो ताणून बसतो. आजींच्या खोल्यांत रेडिएटरवर सदैव पाण्याचं पातेलं असे. वाफेच्या उष्णतेने घरातली हवा इतकी कोरडी होते, की नाकातून रक्त येतं आणि दाराच्या मुठीला हात लावला की विजेचा चटका बसतो. त्या पाण्याने हवेत जरा ओल राहते.

मी त्यांना एकच गोष्ट शिकवू शकले. आईने सामानात कोकमाच्या तेलाचा गोळा बांधून दिला होता. आजींचे हात भेगाळून लाल झालेले पाहिले, तेव्हा तो चमच्यात वितळवून त्यांच्या हातांना चोळला. आठवड्याने त्या वर आल्या, दोन्ही तळवे माझ्यासमोर धरले आणि वाटी पुढे केली. पुढे गावाहून येणाऱ्या प्रत्येक माणसाला मी दोन गोळे आणायला सांगत असे, एक आमचा, एक आजींचा.

गाडीचं शिक्षण ह्यांनी घेतलं. तेव्हाच्या गाड्या थंडीत सुरू करणं हे कसब होतं. रात्री बॅटरी काढून तिसऱ्या मजल्यावर आणायची, स्वयंपाकघरात वर्तमानपत्रावर ठेवायची, सकाळी परत नेऊन जोडायची. पेट्रोलची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही, कारण रिकाम्या जागेतल्या हवेची ओल नळीत गोठते. डिकीत फावडं, वाळूची पिशवी, घोंगडी, बॅटरी जोडायच्या तारा, आणि कॉफीच्या रिकाम्या डब्यात जाड मेणबत्ती व काड्यापेटी. गाडी वाटेत बंद पडलीच, तर काच बोटभर खाली करून मेणबत्ती लावायची. तेवढ्या ऊबेवर मदत येईपर्यंत निभतं. २० जानेवारी १९८५ ला शिकागोत पारा उणे २७ फॅरनहाइटला गेला, म्हणजे उणे ३३ सेल्सियस. या शहरातला तो आजवरचा नीचांक आहे. त्या रविवारी एका नव्या जोडप्याला आणायला ओ'हेअर विमानतळावर जाताना आमची गाडी हायवेच्या कडेला थांबली ती थांबलीच. मेणबत्तीचा डबा उघडला. एका ट्रकवाल्याने आपणहून थांबून तारा जोडल्या, गाडी सुरू होईपर्यंत उभा राहिला, नाव न सांगता निघून गेला. त्या काळी शिकागोत हे विशेष मानलं जात नसे. रस्त्यात गाडीचं झाकण उघडं दिसलं की माणूस थांबायचाच.

स्टेशनांवरही तेच. लोहमार्ग उंचावर, प्लॅटफॉर्म उघडा, वारा चारी बाजूंनी. छताखाली उष्णतेचे लाल दिवे होते, बटण दाबलं की थोडा वेळ लागायचे. त्या दिव्यांखाली सगळी माणसं अंगाला अंग लावून उभी राहायची. एरवी कुणी कुणाच्या एवढं जवळ जात नाही. बटण दाबायची पाळी आपोआप ठरायची, आणि लहान मूल असलेल्या बाईला सगळे मधोमध घ्यायचे. मी त्या घोळक्यात इंग्रजी बोलायला शिकले.

पण ज्या हिवाळ्याबद्दल मला खरं सांगायचंय तो १९७९ चा. त्या मोसमात शिकागोवर एकूण ८९.७ इंच बर्फ पडला, जवळजवळ साडेसात फूट. मोठं वादळ आलं ते १३ आणि १४ जानेवारीला, आधीचा बर्फ रस्त्यांवर तसाच असताना. १४ तारखेला रविवार होता आणि संक्रांत होती.

हळदीकुंकू आमच्या घरी ठरलं होतं. दोन आठवडे तयारी चालली होती. तीळ एका अरबी वाण्याकडचे. गूळ डेव्हॉन अ‍ॅव्हेन्यूवरच्या पटेल बंधूंच्या दुकानातला. ते दुकान १९७४ मध्ये उघडलं आणि आमच्या स्वयंपाकघरांचं रूपच पालटलं. त्याआधी आलेल्या बायका तिळाच्या वड्या तपकिरी साखरेत करायच्या. वहिनींनी हलवाही केला होता. हलव्याला काटा यायला थंडी लागते असं घरी ऐकलेलं. इथे थंडीची काय वाण! रात्री खिडकी बोटभर उघडी ठेवून त्या परातीशी बसत आणि बोटांनी तीळ फिरवत पाकाचं एकेक पूट चढवत. हलवा इतका काटेरी झाला, की माझ्या सासूबाईंना दाखवायला फोटो काढून पाठवला. वर्षाच्या मुलासाठी त्याचे दागिने ओवले. काळी साडी मी आधीच इस्त्री करून ठेवली होती. संक्रांतीला काळं का नेसतात हे मला रत्नागिरीत कधी पटलं नव्हतं, शिकागोत पटलं.

शनिवारी रात्रभर बर्फ पडत राहिला. रविवारी सकाळी समोरच्या गाड्या दिसेनात, नुसते उंचवटे दिसत होते. रेडिओवर बंद रस्त्यांची आणि बंद चर्चांची यादी संपता संपत नव्हती. एकेकीचा फोन आला, येता येत नाही म्हणून. वहिनी तर चार चौकांवरच राहत होत्या, त्यांनाही दार उघडता आलं नाही. मी काळी साडी नेसून, पाच घरांचा तिळगूळ समोर ठेवून बसले आणि मला रडू आलं. मूल झाल्यावरचं ते पहिलंच बोरन्हाण होतं.

ह्यांनी खाली जाऊन आजींना सांगितलं. अर्ध्या तासात सगळी इमारत आमच्या दिवाणखान्यात होती. आजी बार्लीच्या सूपाचं मोठं पातेलं घेऊन आल्या. दुसऱ्या मजल्यावरचं मेक्सिकन कुटुंब चार मुलांसह आलं. समोरच्या घरातला बेकरीत काम करणारा ग्रीक माणूस पाव घेऊन आला. सगळ्यांनी बूट दाराबाहेर काढले. मी बायकांना हळदीकुंकू लावलं, वाणाचे डबे दिले, मुलाच्या डोक्यावरून बोरांऐवजी द्राक्षं, चुरमुरे आणि गोळ्या ओतल्या. मेक्सिकन मुलांनी त्या गोळा करायला जी झुंबड केली तशी मी रत्नागिरीतही पाहिली नव्हती. हलवा दाताखाली फुटला की प्रत्येक जण चकित व्हायचा आणि पुन्हा वाटीकडे हात जायचा. मग पुरुष मंडळी फावडी घेऊन खाली गेली आणि दारापासून रस्त्यापर्यंत वाट काढली.

शहराला मात्र त्या बर्फातून वर यायला आठवडे लागले. ज्याने आपल्या गाडीपुरती जागा उपसली, तो गाडी काढताना तिथे मोडकी खुर्ची किंवा इस्त्रीचं टेबल ठेवून जाई, आणि इतरांनी ती जागा घ्यायची नाही, हा शिकागोचा अलिखित कायदा. मला तो न्याय्य वाटतो. कमरेत वाकून तासभर उपसल्याशिवाय त्या खुर्चीची किंमत कळत नाही. खुर्च्यांचा हा हिशेब गल्लीत मिटला, पण नगरपालिकेचा मिटला नाही. रस्ते तुंबलेलेच राहिले. गाड्या वेळेवर धावाव्यात म्हणून काही स्टेशनं वगळली गेली, आणि ती मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या वस्तीतली होती. लोक प्लॅटफॉर्मवर गारठत उभे असताना समोरून गाडी निघून जायची. २७ फेब्रुवारीला पक्षांतर्गत निवडणूक झाली आणि महापौर मायकेल बिलँडिक हरले. जेन बर्न जिंकल्या, पुढे शिकागोच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. मला मतदानाचा हक्क नव्हता, पण त्या रात्री आमच्या जिन्यात जो जल्लोष झाला त्यात मीही होते.

पुढे सगळ्यांचं झालं तसं आमचंही झालं. १९८१ मध्ये शिकागोत बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं, मराठी घरं वाढली आणि हळूहळू उपनगरांकडे सरकली. आम्ही नेपरव्हिलला घर घेतलं. घराला चिकटून गॅरेज आलं, आणि माझ्या मते शिकागोचा हिवाळा खरा बदलला तो त्या गॅरेजने. घरातून गाडीत, गाडीतून ऑफिसच्या गॅरेजमध्ये, तिथून लिफ्टने वर. आता तर फोनवरून गाडी आधीच सुरू करून ठेवता येते. बसायची जागा गरम, स्टिअरिंगचं चाक गरम. वाटेवरचा बर्फ काढायला कंत्राटदार येतो, तो कधी आला हेही कळत नाही. मंडळाची संक्रांत शाळेच्या मोठ्या सभागृहात होते, मुंबईहून मागवलेला हलवा असतो, काळ्या पैठण्या असतात, सगळं देखणं असतं. मुलं पातळ जाकिटांत येतात. त्यांना जाड कोट लागतच नाही.

हे सुख मला नको आहे असं मुळीच नाही. माझ्या गुडघ्यांना तर हवंच आहे. थंडीत गाडी बंद पडून, घसरून, एकट्या घरात गारठून माणसं जायची, ती आमच्या ओळखीतही गेली. त्या दिवसांना मी सोन्याचा मुलामा देणार नाही. मला हळहळ वाटते ती त्या विद्येची. एका बाईने दुसरीला हात धरून द्यायची ती विद्या होती, आणि आम्ही ती पुढे दिली नाही. गरजच उरली नाही असं आम्हाला वाटलं.

गरज उरली होती. ३० जानेवारी २०१९ ला पारा पुन्हा उणे २३ फॅरनहाइटला गेला. टपाल बंद, शाळा बंद. रुळांचे सांधे गोठू नयेत म्हणून लोहमार्गालगत गॅसच्या ज्वाळा पेटवलेल्या. रात्री आमच्या वस्तीतल्या पुण्याच्या एका तरुणाचा फोन आला, "काकू, नळाला पाणीच येत नाही, काय करू?" मोठ्या पगाराचा हुशार मुलगा, थर्मोस्टॅटही फोनवर चालणारा. त्याला म्हटलं, नळ उघडा ठेव, मोरीखालचं कपाट उघड, आणि बायकोचं केस वाळवायचं यंत्र घेऊन नळाच्या बाजूने सुरुवात करून मागे मागे जा. भिंतीच्या बाजूने सुरुवात केलीस तर वितळलेल्या पाण्याला वाट राहणार नाही आणि नळी फुटेल. तासाभराने त्याने वाहत्या नळाचा आवाज मला फोनवर ऐकवला. दुसऱ्या दिवशी नवराबायको दोघं घरी आले आणि वही काढून बसले, अजून काय काय सांगता म्हणून. सांगता सांगता मला कोकमाच्या तेलापर्यंत सगळं आठवलं.

२०२४ च्या जानेवारीत विजेवर चालणाऱ्या गाड्या शिकागोच्या चार्जिंग केंद्रांबाहेर रांगेत बंद पडल्या. कडक थंडीत बॅटरी चार्ज घेईना; तासन्‌तास माणसं ताटकळली, काही गाड्या ओढून न्याव्या लागल्या. ही बातमी पाहून हे एकदम म्हणाले, "अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही, हे ह्यांना कुणी सांगितलंच नाही का?" टाकी गेली, बॅटरी आली, नियम तोच राहिला.

तरीही मला सगळ्यांत जास्त हलवून गेलं ते त्याच्या आधीच्या शरदातलं. २०२२ च्या ऑगस्टपासून टेक्सासहून बसगाड्या भरभरून निर्वासित शिकागोत येत होते, त्यातले बरेचसे व्हेनेझुएलाचे. निवाऱ्याची जागा अपुरी पडली आणि २०२३ मध्ये शेकडो कुटुंबं पोलीस ठाण्यांच्या दर्शनी दालनात, फरशीवर झोपू लागली. ऑक्टोबरच्या अखेरीस पहिला बर्फ भुरभुरला तेव्हा त्यातल्या कित्येकांच्या पायात उघड्या चपला होत्या. ठाण्यांबाहेर सिटीबस उभ्या करून, त्यांचे हीटर चालू ठेवून लोकांना आत बसवत होते.

आमच्या ओळखीतल्या मराठी घरांनी गॅरेजच्या फडताळांवरचे, माळ्यावरचे जाड कोट खाली काढले. वर्षानुवर्षं कुणी घातले नव्हते, पण लोकर शाबूत होती. मॅक्सवेल स्ट्रीटचा माझा कोटही त्यात दिला. पुण्याचा तो तरुण गाडी चालवायला होता, त्याच्या बायकोला थोडं स्पॅनिश येत होतं. ठाण्यात एक मुलगी होती, विशीतली, कडेवर बाळ. तिने ढिगातून पायाला अगदी नेमके बसणारे बूट शोधून काढले आणि खुशीत घातले. मी ते काढायला लावले. एक माप मोठा जोड दिला, आत सुती मोजा, वर लोकरीचा. बोटं हलवून दाखव म्हटलं. तरुणाच्या बायकोने कारण स्पॅनिशमध्ये सांगितलं. मग बाळाच्या हातमोज्यांची पाळी आली. आम्ही दुसऱ्या कुटुंबाकडे वळलो, तर ती मुलगी शेजारच्या बाईचे घट्ट बूट ओढून काढत होती आणि भराभर काही समजावत होती.

पुढच्या शनिवारी आम्ही यादी पाठवली तेव्हा तीत लिहिलं, बूट मोठ्या मापांचे पाठवा, आणि लोकरीचे मोजे जितके मिळतील तितके.